मदत हवी आहे: मोडी कागदांच्या डेटाबेसात शक, सुहूर आणि 'छ'च्या तारखा कशा ठेवायच्या?

खलिता_पोच (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पोटापाण्यासाठी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो. तारीख म्हणजे 'डेट' प्रकारचा एक कॉलम, विषय संपला, असं वीस वर्षं मानत आलो. आता मामांच्या नादाने एका इतिहास मंडळाच्या मोडी कागदांची सूची पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढवायला घेतली आणि महिन्याभरात तोंडावर आपटलो.

जुनी सूची एक्सेलमध्ये होती. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, त्यामुळे सगळं नुसता मजकूर. मी नवा फॉर्म केला: शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. सॉर्ट मारला तर पानिपतच्या धामधुमीतलं एक पत्र १६२५ मध्ये जाऊन बसलेलं, म्हणजे मलिक अंबर हयात असताना! कागद काढून पाहिला. 'शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे पौष शुद्ध...' टंकणाऱ्या मुलीने 'विक्रम' वाचून विक्रम संवत निवडलेला, पण इथे 'विक्रम' हे साठ संवत्सरांच्या चक्रातल्या एका वर्षाचं नाव आहे. ड्रॉपडाउन मीच केलेला, तिला काय बोलणार? बरं, शक निवडला असता तरी ७८ मिळवून १७६० आलं असतं, आणि शके १६८२ चा पौष शुद्ध पक्ष पडतो जानेवारी १७६१ मध्ये.

दुसरं दुखणं. कितीतरी पत्रांवर फक्त 'छ ७ जिल्हेज' आणि फार तर 'सन इहिदे सितैन मया व अलफ' एवढंच असतं. 'छ' म्हणजे चंद्राची तारीख. दिवस-महिना हिजरी, वर्ष सुहूर, म्हणजे अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला सौर सन. एकाच तारखेत दोन कालगणना!

तिसरं, एका कार्डावर '२९ फेब्रुवारी १७००' आहे. पोस्टग्रेस ती घेतच नाही, अशी तारीख नाही म्हणतो.

हे सगळं एका कॉलमात कसं बसवू? आगाऊ धन्यवाद.

रकानेवाला

सोपं आहे की. आयसीयू या तयार प्रोग्रामिंग लायब्ररीत 'इंडियन' कॅलेंडर तयार मिळतं, शक वर्ष देतं. चाक पुन्हा कशाला घडवता?

घटकापळे

रकानेवाला, ते वापरू नका, सूची आणखी बिघडेल. ते भारत सरकारचं राष्ट्रीय सौर पंचांग आहे, २२ मार्च १९५७ पासून लागू, तो दिवस म्हणजे १ चैत्र १८७९. त्याचा चैत्र २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षी २१ ला. गुढीपाडव्याशी आणि तिथींशी त्याचा संबंध नाही. मोडी कागदातलं पंचांग चांद्र-सौर, अमान्त म्हणजे अमावास्येला संपणाऱ्या महिन्यांचं. राजस्थानातून आलेली पत्रं असतील तर महिने पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे), म्हणजे वद्य पक्षाला महिन्याचं नावच बदलतं.

आता धागाकर्त्यांसाठी. 'एका कॉलमात' हा हट्ट आधी सोडा. कागदावर जे लिहिलंय ते अक्षरशः एका मजकूर कॉलमात ठेवा आणि त्याला पुन्हा कधी हात लावू नका. मग सुटे तुकडे: कोणती गणना, वर्ष, महिना, अधिक की निज, पक्ष, तिथी, वार. जे लिहिलेलं नाही ते रिकामं. रूपांतर ही तुमची गणना आहे, कागदाची माहिती नव्हे. तिचा कॉलम वेगळा, आणि शेजारी ती कोणत्या नियमाने किंवा कोणत्या जंत्रीवरून (तारखांच्या तयार कोष्टकावरून) केली याचाही.

तो रूपांतराचा कॉलम 'डेट' नको, 'डेटरेंज' (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) करा. पोस्टग्रेसमध्ये हा प्रकार तयार आहे. तुमचं 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर ११६१. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून ५९९ किंवा ६०० मिळवायचे: जून १७६० ते जून १७६१. कागदावर फक्त सनच असेल तर रेंज ही अख्खी. 'छ ७ जिल्हेज' वाचता आलं की ती जुलै १७६० मधल्या दोन-तीन दिवसांवर येते. एकाच दिवसावर आणू नका, चंद्रदर्शनाचा फरक पडतो. आणि एक खोडा लक्षात ठेवा: हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, सुहूर ३६५ चं. त्यामुळे एकाच सुहूर सनाच्या दोन टोकांना तीच 'छ' दोनदा येऊ शकते. अशा कागदाला दोन रेंज द्याव्या लागतील.

२९ फेब्रुवारी १७०० हा इंग्रजी कागद असणार. इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन कॅलेंडर पाळत होते, त्यात तो दिवस आहे. पोस्टग्रेस मात्र मागच्या सगळ्या शतकांना आजचं ग्रेगरियनच लावतो. मूळ कागदात साल बहुधा १६९९ असेल, कारण त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. याउलट पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगरियन घेतलं. म्हणजे शिवकाळात एकाच दिवशी गोव्यातून आणि मुंबईतून निघालेल्या पत्रांच्या तारखांत १० दिवसांचं अंतर.

जी नाकारली जाते ती तारीख परवडली. भीती निमूट घेतली जाते तिची. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ टाकून बघा, पोस्टग्रेस वार सांगेल बुधवार. ती तारीख ज्युलियन आहे. ग्रेगरियन १६ जून, आणि वार शनिवार.

आज्जीचा_चष्मा

वारावर माझं +१. कॅलेंडर कुठलंही असो, वार तोच राहतो. इंदुवासरे, भौमवासरे, सौम्यवासरे, भृगुवासरे, मंदवासरे असं लिहिलेलं असतंच, ते टिपा. तारखेचा ज्युलियन दिवसांक (एका ठरलेल्या जुन्या दिवसापासून सलग मोजलेला आकडा) काढून ७ ने भागा: बाकी ० आली की सोमवार. १४ जानेवारी १७६१ चा दिवसांक २३६४२६६, बाकी २, बुधवार. (हा दिवसांक आणि ज्युलियन कॅलेंडर या वेगळ्या गोष्टी आहेत, नावावर जाऊ नका.)

संवत्सरही तपासता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागा. १६८२ ला बाकी १४, आणि प्रभवापासून चौदावा विक्रम. ही एक ओळ फॉर्मात असती तर मलिक अंबरला त्रास झाला नसता :)

रच्याकने, वार एका दिवसाने चुकला तर लगेच लाल खूण करू नका. जेधे शकावली (शिवकाळातल्या घटनांची तारीखवार नोंद) राज्याभिषेक द्वादशी, शुक्रवारी नोंदवते, तीन घटका रात्र उरली असताना. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. म्हणून तिकडे शुक्रवार, इकडे शनिवार, आणि दोन्ही बरोबर.

खलिता_पोच (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. टेबल मोडून नवं केलं. वाराची आणि संवत्सराची तपासणी लावल्यावर आणखी दोन 'विक्रमनाम' सापडले. ते सूचीत शांतपणे जहांगीरच्या काळात बसले होते. पण एक अडलंय: अधिक की निज हे कागदावर नसेल आणि वारही नसेल, तर दोन्ही महिन्यांच्या दोन रेंज ठेवू का?

घटकापळे

हो, दोन्ही ठेवा. निवड वाचणाऱ्याला करू द्या.

खलिता_पोच (धागाकर्ता)

ठीक. ड्रॉपडाउनमध्ये आता 'विक्रम संवत' आणि 'विक्रमनाम संवत्सर, शके' असे दोन वेगळे पर्याय आहेत. टंकणाऱ्या मुलीला दाखवले, तर म्हणाली, "काका, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दोन विक्रम आहेत का म्हणून." विचारलं होतं खरं. 'एकच गं' म्हणून सांगितलं होतं मी.