फोटो पहिल्याच दिवशी, चौकशी कधी?

कोरेगावची लेक (धागाकर्ती)

माझ्या भावाचं कोरेगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात खताच्या मालाच्या पैशांवरून एका व्यापाऱ्याशी त्याचं वाजलं. वाद हिशेबाचा होता, वह्या काढून समोरासमोर बसले असते तर दोन तासांत मिटला असता. व्यापाऱ्यानं फसवणुकीची फिर्याद दिली, कलम ४२०. संध्याकाळी साडेसहाला पोलीस दुकानात आले आणि भावाला घेऊन गेले. आधी नोटीस नाही, चौकशीला बोलावणं नाही. तिसऱ्या दिवशी जामीन झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात फोटो. ठाण्याच्या पायरीवर भाऊ उभा, अंगात दुकानातला तोच चौकटीचा शर्ट, खिशाला पेन, दोन्ही बाजूंना दोन हवालदार. वर मथळा: ‘शेतकऱ्यांना गंडा घालणारा जेरबंद’. एकाही शेतकऱ्याची तक्रार नव्हती, फिर्यादी एकच आणि तोही व्यापारी. आई स्टँडवर गेली आणि पेपरवाल्याकडे शिल्लक होते ते सगळे अंक विकत घेऊन आली. अकरा होते. अजून ट्रंकेत आहेत, टाकवत नाहीत आणि जाळवतही नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांनीच पाठवलेली क समरी कोर्टानं मंजूर केली. म्हणजे वाद दिवाणी, गुन्हा घडलाच नाही. ही बातमी एका ओळीनंही कुठं आली नाही.

आणखी एक गोष्ट. फिर्याद होण्याआधी भावानं एका वकिलांना सगळे कागद दाखवले होते, सल्ला घेतला होता, पावत्यांच्या मूळ प्रती दोन दिवस त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. जामिनाच्या दिवशी तेच वकील मूळ फिर्यादीच्या बाजूनं हरकत घ्यायला उभे! आम्ही राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर शिस्तीची कारवाई करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली. वर्षभर काही झालं नाही. वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, तसं ते गेलं. अजून तिथंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसाची अब्रू घ्यायला यांना एक रात्र पुरते आणि स्वतःच्या चुकीचा जाब द्यायला वर्षं लागतात. जाब विचारणारेही त्यांच्यातलेच. याला मी सत्तेचा गैरवापर म्हणते. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, माझं चुकत असेल तर तेही लिहा.

---

मिरजकर काका

ताई, मी पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली, निम्मी सांगली जिल्ह्यात. तुमच्या भावाला नोटीस न देता उचललं ते चूकच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, अटक का गरजेची ते लेखी नोंदवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार निकालात स्पष्ट सांगितलंय. न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, दोन्ही होऊ शकतं.

पण ‘जाब विचारणारे त्यांच्यातलेच’ हे मला पटत नाही. २०१७ चा नोव्हेंबर आठवा. सांगली शहर पोलीस ठाण्यात कोठडीत एक तरुण गेला. आरोपी पळाला असं सांगण्यात आलं आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला. ते लपलं का? ज्या फौजदारावर आरोप होता त्याला आणि त्याच्या साथीदारांना अटक कुणी केली? पोलिसांनीच. तपास सीआयडीनं केला. मी त्या काळात मान खाली घालून बाजारात जायचो, पण खात्यानं आपल्या माणसांना पाठीशी घातलं असं मला कुणी म्हणू नये.

आणि ठाण्यातला माणूस कसा जगतो तेही बघा. पालखी लोणंद-फलटणला आली की बंदोबस्त, मांढरदेवीची यात्रा आली की बंदोबस्त, पुसेगावची आली की बंदोबस्त. तपासाच्या फायली टेबलावर तशाच पडलेल्या असतात. त्यात फिर्यादी रोज येऊन विचारणार, ‘अजून उचललं नाही का त्याला?’

---

कोरेगावची लेक

काका, तुम्ही चूक मान्य केलीत, बरं वाटलं. पण सांगलीच्या त्या प्रकरणात माणूस मेला आणि शहर रस्त्यावर आलं, तेव्हा हललं. माझा भाऊ जिवंत आहे. जिवंत माणसाच्या तक्रारीला कोण हलतं?

आम्ही पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला. उत्तर आलं, ‘अर्ज चौकशीकामी संबंधित ठाण्याकडे वर्ग.’ म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच. माहिती अधिकारात त्या संध्याकाळचं सीसीटीव्ही चित्रीकरण मागितलं, तर ‘तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही’. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रीकरण अठरा महिने जपता येईल अशी सोय करा म्हणून सांगितलं होतं. आमचा अर्ज दुसऱ्या महिन्यातला होता.

---

तासगावचा शेतकरी

ताई तुमच्या भावाचं वाईट झालं, पर येक सांगू का. आमच्याकडं द्राक्षाचा व्यापारी माल उचलून न्हेतो आन् पैसं बुडवून पळून जातो. दरसाल कुणाचं ना कुणाचं घर बसतं. फिर्याद द्यायला गेलं तर ‘दिवाणी बाब हाय, कोर्टात जावा’ म्हणत्यात. ज्याला धरायचं त्याला धरत न्हाईत हे आमचं दुखणं हाय. एखाद्याला धरून बाजारपेठेतनं फिरवला तर आमास्नी बरंच वाटतं. पोरींच्या मागं लागणाऱ्या टोळक्याची आमच्या भागात धिंड काढली तवा समद्या गावानं टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. त्येंचा फोटू छापू नगा म्हणलं तर आमी कुणाच्या जिवावर जगायचं?

---

कोरेगावची लेक

दादा, तुमचं दुखणं मला कळतं. माझा भाऊ शेतकऱ्यांनाच माल देतो, त्याचेही पैसे बुडालेत. पण तुम्ही म्हणता तो पळालेला व्यापारी आणि दुकानात बसून वह्या दाखवतो म्हणणारा माणूस, यांत फरक ठाण्यातल्या कुणीतरी करायला हवा ना? तो फरक चौकशीतून कळतो आणि चौकशी धिंडीनंतर होते. तुम्ही ज्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या ती दोषी असतीलही. उद्या त्या रांगेत चुकून तुमचा पुतण्या असला तर टाळ्या तशाच वाजतील, कारण वाजवणाऱ्याला माहीत नसतं.

---

ॲडव्होकेट, सातारा

बार कौन्सिलबद्दल मला बोललंच पाहिजे. त्या वकिलांनी केलं ते खरं असेल तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. ज्याला सल्ला दिला त्याच्याच विरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहायचं नाही, हे कौन्सिलच्या नियमांत लिहिलेलं आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू मी रोज बघतो. हरलेला पक्षकार तक्रार करतो, विरुद्ध पक्षकार तर दबावासाठी करतो. माझ्यावर एक झाली होती. एका विधवा बाईंची वाटणीची केस मी घेतली म्हणून तिच्या दिरानं केली. दीड वर्ष उत्तरं देत बसलो, मुंबईच्या फेऱ्या केल्या, शेवटी तक्रार फेटाळली. त्या दीड वर्षात सातारा कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये माझ्याकडं लोक कसं बघायचे ते मला विचारा.

आणि ‘त्यांच्यातलेच’ का असतात, याला कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं अधिवक्ता कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा आणला, त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारनियुक्त सदस्य घेण्याची तरतूद होती. देशभर वकिलांनी काम बंद ठेवलं आणि मसुदा मागे घ्यावा लागला. वकिलाची सनद सरकारच्या हातात गेली, तर उद्या तुमच्या भावाच्या बाजूनं पोलिसांविरुद्ध उभं राहायला कोण तयार होईल?

---

कोरेगावची लेक

वकीलसाहेब, सरकारच्या हातात द्या असं मी म्हणतच नाही. पण शिस्तपालन समितीत तिघं असतात आणि तिघंही वकील. कौन्सिलचे सदस्य निवडून येतात वकिलांच्या मतांवर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध माझी तक्रार, तो त्यांचा मतदार, आणि मी कुणीच नाही. तिघांत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश घेतला तर वकिलीचं स्वातंत्र्य जाईल का?

डॉक्टर चुकला तर मी ग्राहक आयोगात जाऊ शकते, १९९५ पासून. वकील चुकला तर तेही दार बंद. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. शिस्तभंगासाठी एकच दार उरलं, बार कौन्सिलचं. ते वर्षात उघडलं नाही तर ती फाइल कोरेगावहून मुंबई आणि मुंबईहून दिल्ली. दीड वर्षात तुमची तक्रार निकाली निघाली, निर्दोष म्हणून सुटलात. आमच्या तक्रारीची पहिली तारीखही लागलेली नाही. उशिराचा त्रास तुम्हालाही झाला, मग आपण एकाच बाजूला नाही का?

---

ॲडव्होकेट, सातारा

उशिराच्या बाबतीत एकाच बाजूला आहोत, हे मान्य. न्यायाधीश घेण्यावर मला विचार करावा लागेल, आत्ता हो म्हणत नाही.

एक व्यवहाराचं सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झालंय, सातारा-सांगली त्यात येतात. बेकायदा अटकेबद्दल भरपाईची रिट याचिका करायला आता मुंबई गाठायला नको. भाऊ तयार असेल तर कागद घेऊन या.

---

वार्ताहर, कोरेगाव तालुका

माझ्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटलं म्हणून लिहितोय. ती बातमी माझीच असावी. नसली तरी तशा पन्नास मी दिल्यात.

आम्हाला महिन्याला काय मिळतं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. बातमीच्या ओळीवर आणि जाहिरातीच्या टक्क्यावर आम्ही जगतो. फोटो मी काढला नव्हता. ठाण्याचा आम्हा वार्ताहरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रात्री नऊला प्रेसनोट आणि फोटो त्यावर येतो. ‘मुसक्या आवळल्या’, ‘जेरबंद’ हे शब्दही बऱ्याचदा त्या नोटमध्येच असतात. साडेनऊला पान लागतं. तुमच्या भावाला फोन करून विचारायला तो कोठडीत.

आणि नाव लपवायचं कशाला? एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, संवेदनशील गुन्हे सोडून. जे सरकारच जाहीर करतं ते आम्ही छापायचं नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर बाईंनी तळहातावर लिहून जीव दिला, एका फौजदाराचं नाव लिहून. आरोपांचं काय ते न्यायालय ठरवेल. पण आम्ही ती बातमी लावून धरली नसती तर? पत्रकारांचं तोंड बांधा म्हणणाऱ्यांना आधी याचं उत्तर देऊ द्या.

---

कृष्णाकाठची विद्यार्थिनी (विधी, तिसरं वर्ष)

फलटणचंच उदाहरण घेऊ. पहिले दोन दिवस बातमी होती. नंतर चर्चा कशाची झाली? त्या ताईंनी कुणाला किती फोन केले, काय मेसेज केले, कुणाशी बिनसलं होतं. तिच्या गावाकडच्या आईवडिलांनी ते सगळं टीव्हीवर बघितलं असेल. आरोप पोलिसांवर होते आणि उलटतपासणी मेलेल्या मुलीची. तोंड बांधा असं इथं कुणीच म्हटलेलं नाही.

दाद मागायची म्हटलं तर प्रेस कौन्सिल, म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था, फार तर समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करायचा अधिकार तिला नाही आणि टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत करा असं केंद्राला सांगितलं होतं. कारण हेच, पोलिसांच्या सांगण्यावरून माणूस आधीच गुन्हेगार ठरतो. रात्री नऊचा तो व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे नेमकं तेच.

---

मिरजकर काका

फोटो ठाण्यातून जातो, हे वार्ताहरांनी लिहिलं ते खरं आहे. आमच्या वेळी फोटोग्राफर यायचा, आता हवालदाराच्या मोबाईलवर निघतो. वरिष्ठांना कामगिरी दिसावी म्हणून पाठवतात. यात मी खात्याची बाजू घेऊ शकत नाही. चोरीचा मुद्देमाल सापडला तर त्याचा फोटो जाऊ द्या. माणसाचा कशाला?

बाकी ताई, खात्याबाहेर एक जागा आहे. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, २०१४ ला कायद्यात बदल करून आणलेलं. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. ठाण्याकडे वर्ग झालेला तो कागद जोडून तिथं अर्ज करा. चौकशी ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच गेली, हे दाखवायला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

---

तासगावचा शेतकरी

काका तुमी म्हणला म्हणून म्या परत वाचलं समदं. माझं मत बदललं असं न्हाई. पर त्या अकरा अंकांचं वाचून घास गेला न्हाई.

---

वार्ताहर, कोरेगाव तालुका

ताई, मला कोर्टाच्या आदेशाची प्रत पाठवा. क समरी मंजूर झाल्याची बातमी मी करतो. मुख्य पानावर लागेल असं सांगत नाही, तालुका पानावर प्रयत्न करतो. तेव्हाची बातमी माझी होती का ते मी कात्रणात बघितलं. माझीच होती.

---

कोरेगावची लेक

दादा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. प्रत आज रात्री पाठवते. आदेश दोन पानांचा आहे, दुसऱ्या पानावर शेवटच्या परिच्छेदात ‘वाद दिवाणी स्वरूपाचा’ असं आहे, ती ओळ जशीच्या तशी घ्या. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तेव्हा चुकीचा होता, एकाही शेतकऱ्याची तक्रार नव्हती, हेही घातलंत तर आईला फार बरं वाटेल.

काका, प्राधिकरणाचा अर्ज लिहायला घेतलाय. वकीलसाहेब, सोमवारी भावाला घेऊन येते.

वार्ताहर दादा, भावाला विचारलं, बातमीत दुकानाचं नाव चालेल म्हणाला. फोटो मात्र नको.