कॉलेजच्या आवारातली झाडं आणि मुलांचा ताण: दहा गुंठ्यांत काय करावं?

रासेयो_समन्वयक
कॉलेजच्या मागे दहा गुंठे जागा पडून आहे, तिथे दोन जुने वड. व्यवस्थापन लॉन आणि कारंजं करायचं म्हणतंय. हेतू एवढाच की मुलांच्या डोक्यावरचा ताण हलका व्हावा. जागा कशी आखावी? फरक पडला का, हे कसं मोजावं?

झाडांचा_डॉक्टर
लॉन नको. पाणी आणि कापणी कायमची मागे लागते, आणि शेवटी ‘हिरवळीवर बसू नये’ ही पाटी येते. मुलांना बसताच येणार नसेल तर खर्च कशाला?

वडांपासून सुरुवात करा. दीड फूट उंचीचा पार बांधा, पण खोडाभोवती चार फूट जागा उघडी सोडा. पारात माती भरून बुंधा गाडला की साल कुजते. सिमेंट भिडवलं की मुळांना पाणी मिळत नाही. नवीन झाडं करंज, बहावा, ताम्हण. खड्डा 3×3×3 फूट, अंतर 15-20 फूट. वर्गाच्या खिडक्यांजवळ सप्तपर्णी अजिबात नको. ऐन परीक्षेच्या दिवसांत फुलते आणि उग्र वासाने डोकं उठवते.

समुपदेशन_कक्ष
कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये कॉलेजवयीन मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. झाडांत 10-20 मिनिटं बसण्या-चालण्यानेही फरक दिसतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे मधल्या सुट्टीत पोहोचता आलं पाहिजे. वाटेवर मुरूम टाका, पावसाळ्यात चिखलातून कोणी येत नाही. दिवे हवेतच, नाहीतर संध्याकाळी मुली तिकडे फिरकणार नाहीत. एकट्याने बसायचे बाक घोळक्याच्या पारापासून लांब ठेवा.

मोजायला पीएसएस-10 ही जाणवणारा ताण मोजायची प्रश्नावली घ्या: 10 प्रश्न, 0 ते 40 गुण. प्रश्न 4, 5, 7 आणि 8 यांचे गुण उलटे (0 ला 4, 4 ला 0 असे) धरायचे असतात. नेमकं तेच राहून जातं आणि सगळा हिशेब चुकतो. जुलै-ऑक्टोबर अशी नुसती तुलना केलीत तर परीक्षेमुळे ताण वाढलेलाच दिसेल. म्हणून जागा न वापरणाऱ्या मुलांनाही त्याच तारखांना विचारा. तरीही जपून बोला: बागेत जाणारी मुलं मुळातच बऱ्या मनःस्थितीत असू शकतात.

पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासायची प्रश्नावली, मात्र अशीच वाटू नका. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ‘हो’ उत्तर आलेल्या मुलाशी त्याच दिवशी समुपदेशकाने बोलायलाच हवं. ती सोय नसेल तर तो प्रश्न विचारणंच चूक. पाराजवळ टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक ठळक लावा.

रासेयो_समन्वयक
आणि कारंजं?

झाडांचा_डॉक्टर
बंद पडलं की डासांची पैदास. तो पैसा दिव्यांना आणि मुरमाला वळवा.