मदत हवी आहे: टीकेमुळे कथा अडली आहे

दिवाळी अंकासाठी वऱ्हाडी संवादांची कथा लिहितेय, 15 ऑगस्टपर्यंत द्यायची आहे. वाचनगटातल्या एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर 'ही कसली गावंढळ भाषा' म्हणत कागद बाजूला सारले. कथेबद्दल अवाक्षर नाही! तेव्हापासून 'कायले आली वं?' लिहिते, खोडून 'कशाला आलीस?' करते, आणि कथेतली आजी तिथल्या तिथे मुकी होते. महिनाभर गटात गेले नाही, तरी तो आवाज डोक्यातून जात नाही. गट सोडायचा नाहीये. तिथल्या दोघींच्या सूचना खरंच कामाच्या असतात. 'दुर्लक्ष कर' सोडून सांगा: पहिला खर्डा होईपर्यंत तुम्ही कुणाला, किती दाखवता? आणि वडीलधाऱ्यांना न दुखावता 'बोलीवर नको, कथेवर बोला' हे कसं सांगता?