मुलांसाठी पहिला पाळीव प्राणी कसा निवडलात? अनुभव सांगावेत

निंबाचा झोका, जळगाव

यंदा आखाजीला अमळनेर तालुक्यातल्या माहेरी गेले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधण्यासाठी माळ्यावरून दोर काढताना त्यामागून तारेचा एक गंजलेला पिंजरा निघाला. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने तो लगेच खाली आणून पुसायला घेतला आणि "आई, यात आपण पोपट ठेवू या," असे ती म्हणाली, तेव्हा मला काही वेळ उत्तर सुचले नाही.

मी साधारण तिच्याच वयाची असताना माझ्या हट्टापायी वडिलांनी आठवडे बाजारातून पंख कातरलेला पोपट आणला होता. सुरुवातीचे पंधरा दिवस मिरची, पेरू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ हे सारे मी हौसेने देत असे. वार्षिक परीक्षा संपताच मी मामांकडे गेले. पाणी घालायला मी आजीला सांगून गेले आहे असे आईला वाटले, आई पाहीलच असे मला वाटले, आणि वैशाखातल्या त्या दोन दिवसांत ओसरीवरच्या पिंजऱ्यातली वाटी कोरडी राहिली. मी परतले तेव्हा पिंजरा रिकामा होता. आई रागावली नाही. "मुक्या जीवनं पानी इसरी गऊत आपन," एवढेच म्हणाली, आणि ते "आपन" मला आजही टोचते.

आता लेकीला काहीतरी पाळायचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, दिवसभर घरी फक्त सासूबाई असतात आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. घर तळमजल्यावर आहे, नळाला रोज पाणी येत नाही आणि आपला उन्हाळा कसा असतो हे येथे कोणालाच सांगण्याची गरज नाही. दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही काय पाळले, पहिली हौस ओसरल्यावर त्याचे प्रत्यक्षात कोण करत होते आणि मे महिना कसा निभावला, हे कृपया मोकळेपणाने लिहावे.

रेल्वे वसाहत, भुसावळ

ताई, मुलगा दहा वर्षांचा असताना आम्ही मासे आणले आणि आठ दिवसांत पाचही गोल्डफिश गमावले, म्हणून हे सविस्तर लिहितो. दुकानातून काचेचा गोल भांडा आणि मासे एकाच दिवशी आणून सोडले, ही आमची मूळ चूक होती. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर वाढायला काही आठवडे लागतात. त्यातच गोल्डफिश हा मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा मासा असल्यामुळे लहान भांड्यात त्याचा टिकाव लागत नाही. पाणी गढूळ दिसू लागल्यावर मी सगळे पाणी ओतून, टाकी घासून नळाचे ताजे पाणी भरले. त्यातल्या क्लोरीनने उरलेले मासे आणि तयार होऊ लागलेले जिवाणू असे दोन्ही गेले.

दुसऱ्या वेळी आम्ही फिल्टर लावलेली मोठी टाकी घेतली, ती मासे न सोडता चालू ठेवली, रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना वाढू दिले आणि महिनाभराने सहा गप्पी आणले. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचे आणि त्यासाठी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत पाणी भरून ठेवायचे, हे काम मुलाने दोन वर्षे सांभाळले. काढलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालतो, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

उन्हाळ्यात मात्र लक्ष द्यावे लागते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की आम्ही हवेचा पंप वाढवतो आणि बर्फाची बंद बाटली तासभर टाकीत तरंगत ठेवतो. गप्पींची संख्या फार झपाट्याने वाढते, तेव्हा नर आणि मादी वेगळे ठेवता आले तर उत्तम. जास्तीची पिल्ले तापीत किंवा विहिरीत कधीही सोडू नयेत, कारण बाहेरून आलेला मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

दोन मुलींची आई, धुळे

ससा आणू नये, असे मी कळकळीने सांगते. आम्हाला दोन्ही माद्याच आहेत असे सांगून जोडी दिली गेली आणि महिन्याभरात सहा पिल्ले झाली. मुलींना ससा मांडीवर घेऊन बसायचे होते, परंतु उचललेला ससा घाबरतो, मागचे पाय जोरात झाडतो आणि नीट धरला नसेल तर त्याच्या पाठीच्या कण्यालाच इजा होऊ शकते. त्याला गाजर नव्हे तर सतत गवत लागते, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात. हे सर्व आम्ही शिकलो, पण ऊन आमच्या हातात नव्हते. सशाला घाम येत नाही. तो बराचसा ताप कानांवाटे बाहेर टाकतो, आणि धुळ्याच्या दुपारी तेवढे पुरेसे पडत नाही. वीज चार तास गेली त्या दिवशी आमचा मोठा ससा गेला. धाकटीने त्यानंतर कित्येक दिवस कूलरजवळ कोणाला बसू दिले नाही.

केळीबाग, चोपडा

आमच्याकडे शेतावर शेळ्या आहेत. मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हा नुकतेच जन्मलेले, आईने दूध न पाजलेले एक करडू मी त्याच्या स्वाधीन केले. त्याने त्याला बाटलीने दूध पाजले, पहाटे उठून तपासले, गुरांच्या दवाखान्यात पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस टोचून आणली आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्याचे वजन लिहून ठेवले. एवढ्या वयाचे मूल किती करू शकते, हे मला त्या करडाने दाखवले. शहरातल्या मुलांना आपण फार लहान समजतो, असे माझे मत आहे.

मात्र तो बोकड होता आणि बोकडाचे पुढे काय होते, हे मी मुलाला आधी सांगितले नाही. तो दीड वर्षाचा झाल्यावर गिऱ्हाईक घरी आले आणि मुलगा शाळेतून परतण्याआधी व्यवहार उरकून टाकावा, अशी माझी समजूत मी स्वतःच घातली. संध्याकाळी त्याने गोठ्यात जाऊन दावे पाहिले आणि काही न बोलता तो बागेत निघून गेला. तो आता वीस वर्षांचा आहे आणि शेतीची सर्व कामे करतो, पण शेळ्यांच्या गोठ्यात पाऊल ठेवत नाही. जनावर दारात येण्यापूर्वी ते आपल्याकडे कुठवर राहणार आहे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. ते ऐकून मूल नको म्हणाले, तर त्याचे ऐकावे.

निंबाचा झोका, जळगाव

दादा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आपण त्याच्याशी नंतर कधी बोललात का?

केळीबाग, चोपडा

बोललो, परंतु फार उशिरा. मागच्या पोळ्याला बैल सजवताना मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि शिंगांना रंग लावण्याचे काम पुढे चालू ठेवले.

साक्रीचा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

पोपटाविषयी आधी लिहितो. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे, पकडणे आणि विकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तो घरात अंड्यातून बाहेर आला की बाजारातून आणला, याने फरक पडत नाही. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या कासवालाही हेच लागू आहे. दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी कासव रुपयाएवढे दिसते, पण ते ताटलीएवढे होते आणि दोन-तीन दशके जगते. त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे त्याला हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुणे आवश्यक असते. कंटाळून तलावात सोडलेली अशी कासवे पुढे तिथल्या देशी कासवांना त्रासदायक ठरतात.

बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात, ते बहुतेक वेळा मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. पक्षीच हवा असेल तर ते चालतील, परंतु एकटा ठेवू नये आणि पिंजरा आडवा, उडता येईल इतका लांब घ्यावा. स्वयंपाकघराजवळ तो मुळीच टांगू नये, कारण काळा मसाला भाजतानाच्या धुराने माणूस नुसता खोकतो, पण पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक असतात. नॉनस्टिक तवा जास्त तापल्यावर निघणाऱ्या वाफेने तर पक्षी काही मिनिटांत मरतात. शिवाय पिसांची धूळ दम्याच्या रुग्णाला सोसत नाही, म्हणून ताईंच्या घरी मी पक्षी सुचवणार नाही.

नोकरीच्या काळात पालकांना मी नेहमी एक हिशेब मांडायला सांगत असे. अकराव्या वर्षी आणलेले कुत्रे साधारण दहा ते तेरा वर्षे जगते आणि मांजर नीट सांभाळले तर पंधरा वर्षेही जगते. मूल दहावीला असताना ते प्राणी ऐन भरात असतात, मूल पुण्याला किंवा नाशिकला शिकायला जाते तेव्हा ते उतारवयाकडे झुकतात, आणि त्यांचे म्हातारपण आईवडिलांनाच करावे लागते. ही तयारी असेल तरच पुढे जावे.

गल्लीतला शेरू, नंदुरबार

आम्ही गल्लीतल्या कुत्रीचे एक पिल्लू घेतले आणि त्या निर्णयाचा आम्हाला कधीही पश्चात्ताप झाला नाही. गावठी कुत्रे आपल्या उन्हाला सरावलेले असते. दाट केसांच्या विदेशी जातीला मात्र एसीच्या खोलीत कोंडून ठेवावे लागते, आणि ते मला पटत नाही. सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, असा क्रम डॉक्टरांनी सांगितला होता. कांदा, चॉकलेट आणि द्राक्षे देऊ नयेत, हे मुलीने स्वतः कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मला उशिरा कळली. खेळताना पिल्लाचा दात मुलीच्या मनगटाला लागला आणि आपण पिल्लू परत सोडून येऊ या भीतीने तिने दोन दिवस ते लपवले. पूर्ण बाह्यांचा फ्रॉक ती उकाड्यातही काढेना, म्हणून माझ्या लक्षात आले. आम्ही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि तडक सरकारी रुग्णालयात जाऊन इंजेक्शने सुरू केली. पुढच्या दोन रात्री मला झोप लागली नाही, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावण्याचा सल्ला शेजारून आला होता, तो कृपया कोणीही मानू नये. प्राणी घरी आणण्याच्या दिवशीच मुलाला जवळ बसवून सांगावे की ओरखडा आला, दात लागला, तर लगेच सांग; तुला कोणी रागावणार नाही आणि पिल्लूही कोठे जाणार नाही. या वयाची मुले खूप काही लपवू शकतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

आमच्याकडे मांजर स्वतःहून आले, त्यामुळे निवडीचा प्रश्नच आला नाही. एकट्या मुलासाठी ते उत्तम सोबती आहे, कारण ते स्वतःला स्वच्छ ठेवते आणि रेतीचा ट्रे दिला की जागा चुकवत नाही. पाच-सहा महिन्यांचे असताना शस्त्रक्रिया करून घ्यावी, अन्यथा वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होतात. रेबीजची लस मांजरालाही द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ताईंच्या सासूबाईंना दमा आहे, म्हणून आधी मांजर असलेल्या एखाद्या नातेवाइकांच्या घरी त्यांना तीन-चार संध्याकाळी बसवून पाहावे. अंगावरचे केस नाही दिसले, तरी मांजराच्या लाळेतला घटक हवेत मिसळतोच.

निंबाचा झोका, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. केळीबागदादांचा अनुभव मी लेकीला वाचून दाखवला आणि त्यानंतर माझ्या पोपटाची हकिगतही तिला प्रथमच पूर्ण सांगितली. तिने विचारले, "मग तू पाण्याचे कोणाला सांगितले होतेस?" कोणालाच नाही, हे मी मान्य केले.

आम्ही मासे ठेवायचे ठरवले आहे, परंतु या उन्हाळ्यात नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर टाकी भरायची आणि त्यानंतर महिनाभर ती मासे न सोडता चालवायची. तोपर्यंत फाटकाबाहेर गल्लीतल्या कुत्र्यांसाठी ठेवलेले मातीचे परळ सकाळ-संध्याकाळ भरण्याचे काम तिच्याकडे दिले आहे. मी आठवण करायची नाही, असे आमचे ठरले आहे. आज अकरावा दिवस आहे. काल मैत्रिणीचा वाढदिवस असल्यामुळे ती संध्याकाळचे विसरली आणि रात्री नऊ वाजता आपणहून उठून भरून आली.

भुसावळच्या दादांना एक विचारायचे आहे. टाकी किती लिटरची घ्यावी? आणि सासूबाई दुपारी ज्या खिडकीत बसतात, तिथे ती ठेवली तर चालेल का?

रेल्वे वसाहत, भुसावळ

चाळीस लिटरच्या खाली जाऊ नये, कारण पाणी जितके जास्त तितके ते सावकाश तापते. थेट ऊन येत असेल तर ती खिडकी टाळावी, अन्यथा काचेवर शेवाळ धरेल. सासूबाईंच्या समोरची, सावलीतली भिंत निवडावी. चाळीस लिटर पाण्याचेच वजन चाळीस किलो होते, तेव्हा खालचे टेबल आधी हलवून पाहावे.