सोसायटीच्या मेलिंग लिस्टवरचे मेल अडतात कुठे?

सी-३०१: सभेच्या नोटिशीवरची माझी हरकत मी लिस्टवर पाठवली होती. ज्याला विचारावं तो म्हणतो मिळाली नाही. सेक्रेटरींचे मेल बरे सगळ्यांना जातात! माझंच अडवताय का?

सेक्रेटरी: काका, अजिबात नाही. लिस्टच्या आर्काइव्हमध्ये तुमचा मेल आहे. म्हणजे लिस्टने तो पुढे धाडलाय, अडतोय तो पलीकडे.

ए-१०२: माझ्याकडे स्पॅममध्ये सापडला.

बी-२०४: काकू, डिलीट करू नका. मेल उघडून तीन टिंबांवर जा, 'शो ओरिजिनल' घ्या. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरा आहे का ते बघणाऱ्या तीन तपासण्या, त्यांच्यापुढे काय लिहिलंय?

ए-१०२: एसपीएफ पास. बाकी दोन्ही फेल.

बी-२०४: मग दुखणं सापडलं. काकांची मेल सेवा त्यांच्या मेलवर डीकेआयएमची डिजिटल सही करते. आपली लिस्ट विषयाआधी सोसायटीचं नाव जोडते, तळाला दोन ओळी चिकटवते. मजकूर बदलला की सही जुळत नाही. एसपीएफ बघतो मेल परवानगी असलेल्या सर्व्हरवरून आलाय का; तो पास झालाय, पण लिस्टच्या सर्व्हरसाठी. डीमार्क बघतो 'फ्रॉम'मधलं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग), म्हणजे काकांचं, आणि त्याच्याशी मेळ कशाचाच बसत नाही. अशा मेलचं काय करावं, हे त्या डोमेनचा मालक जाहीर करून ठेवतो: येऊ द्या, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने 'नाकारा' लावलं, पाठोपाठ एओएलनेही, आणि तेव्हा जगभरच्या लिस्ट अशाच अडल्या होत्या. सेक्रेटरी लिस्टच्याच डोमेनवरून लिहितात, म्हणून त्यांचे मेल सुटतात.

डी-५०३: ताई, मला तर लिस्टवरून काहीच येत नाही. सेक्रेटरींचेही नाहीत.

बी-२०४: दादा, हे जास्त वाईट. तुमच्या मेल सेवेने इतरांचे मेल नाकारले, ते बाउन्स होऊन, म्हणजे परत, लिस्टकडे आले आणि लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरने ते तुमच्या खात्यावर मांडले. ठरलेली मर्यादा ओलांडली की तो डिलिव्हरी बंद करतो. तुमचा काडीचाही दोष नसताना तुम्ही बाहेर! सेक्रेटरी, सदस्य यादीत यांच्यापुढे 'बी', म्हणजे बाउन्समुळे डिलिव्हरी बंद झाल्याची खूण, दिसतेय का?

सेक्रेटरी: हो. आणखीही काहींच्या पुढे आहे. आता काय करू?

बी-२०४: सेटिंगमध्ये डीमार्कसाठी 'मंज फ्रॉम' निवडा. मग ज्यांचं डोमेन कडक आहे त्यांचे मेल लिस्टच्या पत्त्यावरून जातील, नाव त्यांचंच दिसेल. मात्र रिप्लाय करताना 'टू'मध्ये कोण आहे ते सगळ्यांनी बघा, खाजगी उत्तर लिस्टवर जायला नको.

ए-१०२: त्यापेक्षा विषयातलं नाव आणि तळाच्या ओळीच काढा ना.

बी-२०४: तोही मार्ग आहे, सही शाबूत राहते. पण अनसबस्क्राइबची लिंक त्याच ओळींत आहे. ती दिसली नाही की लोक 'स्पॅम'चं बटण दाबतात आणि लिस्टच्या सर्व्हरची पत घसरते. ती असू द्यावी असं मला वाटतं.

सेक्रेटरी: 'मंज फ्रॉम' लावलं. 'बी' असलेल्यांची डिलिव्हरीही सुरू केली.

बी-२०४: काका, आता हरकत पुन्हा पाठवा. आधी अडलेली प्रत आपोआप कोणाकडे जाणार नाही.

सी-३०१: पाठवली.

डी-५०३: आली. इनबॉक्समध्येच आहे.