रोजच्या सहा किलोमीटरला डिझेल? माझी चूक झाली असं वाटतंय, या भांडायला

तेलकट हात
आधीच सांगतो, मी डिझेलवेडा आहे. सकाळी किल्ली फिरवल्यावरची ती पहिली खटखट, दुसऱ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमच्या आसपास टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटते ते सुख. याच्यापायी लागोपाठ दोन गाड्या डिझेलच्या घेतल्या. तरी आज स्वतःच्याच विरुद्ध बोलतोय.

घर ते ऑफिस सहा किलोमीटर, वाटेत मुलीची शाळा. लांबची फेरी महिन्यातून एखादी, तीही जमली तर. या महिन्यात डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला. शेवटी वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून आतली काजळी जाळून घेतली. बिल पाहून मीही जळालो.

हिशेब मुद्दाम लिटरमध्ये मांडतो, नाहीतर सगळी चर्चा दरावरच जाईल. दोन्ही इंधनं एकाच दराची धरा. माझं रनिंग वर्षाला ८,००० किमी. पेट्रोलचं ॲव्हरेज १५ धरलं तर ५३३ लिटर, डिझेलचं २० धरलं तर ४००. वाचले १३३ लिटर. आता डिझेल मॉडेलसाठी जे जास्तीचे पैसे मोजले, त्यात १,५०० लिटर आले असते असं समजा. म्हणजे वसुलीला अकरा वर्षं! तोवर गाडी तरी माझ्याकडे असेल का?

माझं म्हणणं एवढंच: कमी रनिंगवाल्याने डिझेल घेणं ही हौस आहे. तिला बचत म्हणू नये.

हायवेवाला
नांगराचा बैल टांग्याला जुंपायचा आणि वर तो दुडकत नाही म्हणून रडायचं. माझं वर्षाला ३०,००० किमी. तुमच्याच आकड्यांनी २,००० लिटरच्या जागी १,५००. तीन वर्षांत फरक वसूल, पुढचा सगळा नफा. डीपीएफचा दिवा कुठे असतो हेसुद्धा मला मॅन्युअलमध्ये बघावं लागेल.

आणि नुसते लिटर काय मोजताय? पाच माणसं, डिकी गच्च, समोर घाट. पेट्रोलवाला तिसरा, दुसरा, परत तिसरा करत किंचाळत चढतो. मी चौथ्यात गप्पा मारत जातो. याची किंमत कुठल्या रकान्यात धरणार?

आकडेमोड
तेलकट हात, गणितात एक गफलत आहे आणि ती तुमच्याच विरोधात जाते.

१५ आणि २० हे मोकळ्या रस्त्याचे आकडे झाले. तुमचे सहा किलोमीटर गर्दीतले. तिथे पेट्रोल १० वर येतं, डिझेल फार तर १५ वर. आता करा: ८०० लिटर आणि ५३३. वाचले २६७, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. वसुली अकरा वर्षांवरून साडेपाचवर आली.

असं का होतं? पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची तर हवेची झडप मिटावी लागते, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढतानाच इंजिन दमतं. डिझेलमध्ये हवा जवळपास पूर्ण घेतात, कमी करतात ते फक्त इंधन. त्यामुळे गाडी रांगत असताना किंवा सिग्नलला उभी असताना डिझेल अगदी थेंबाथेंबाने पितं. शिवाय कॉम्प्रेशन रेशो पेट्रोलचा साधारण १० ते १२, डिझेलचा १५ ते १८, त्याचाही फायदा आहेच. (एक मात्र कबूल करायला हवं. डिझेल हे मुळात जड तेल आहे, एका लिटरमध्ये ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त असते. तेवढा भाग इंजिनाची हुशारी म्हणून खपवू नये.)

गंमत अशी की डिझेल जिथे सगळ्यात जास्त वाचवतं, तिथेच त्याचा डीपीएफ तुंबतो. काजळी जळायला साधारण ६०० अंश लागतात. सहा किलोमीटरात तुमचं इंजिन जेमतेम कोमट होतं.

शांत इंजिन
आकडेमोड, साडेपाच वर्षांत हे धरलंत का: इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि नव्या गाड्यांत धूर साफ करणाऱ्या ॲडब्लू द्रावाची वेगळी टाकी? यातली एक वस्तू जरी गेली तरी तुमचे २६७ लिटर वाहून गेले. झडपेचा मुद्दा मान्य, पण तो तोटा हायब्रिडने भरून काढलाय. गर्दीत बराच वेळ मोटरवर चालते, इंजिन बंदच राहतं, तेवढा वेळ थेंबसुद्धा नको.

आणि धूर? २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सज्जन होणारं सॉफ्टवेअर जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्यांत निघालं. जे इंजिन स्वच्छ ठेवायला खोटं बोलावं लागलं, त्याचं कौतुक किती करायचं?

हायवेवाला
लबाडी कंपनीने केली, इंजिनने नाही. २००६ ला ले मान्सची २४ तासांची शर्यत डिझेलवर जिंकणारी ऑडीही त्याच घराण्यातली. तीही मोजा की.

शांत इंजिन
शर्यतीच्या गाडीला शाळेच्या गेटवर सात मिनिटं उभं राहावं लागत नाही.

जुना पंप
तुम्ही सगळे सेन्सरचे गुलाम. माझी जुनी गाडी बघा, मेकॅनिकल पंप, ना डीपीएफ ना ईजीआर. काहीही पाजा, चालते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, माहीत आहे का? तेलकट हात, माझं ऐक. डीपीएफ कापून टाक, सरळ पाइप बसव, सॉफ्टवेअर बदलून घे. दिवा परत लागणार नाही.

आकडेमोड
काका, शेंगदाणा तेलाची गोष्ट खरी आहे, पण ती त्या काळच्या इंजिनाची. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणारी पद्धत) आली तेव्हाच दाब १,३०० बारच्या पुढे होता, आता २,००० च्या वर असतो. केसाएवढ्या भोकांतून फवारा उडतो. तिथे 'काहीही पाजा' म्हणजे पंपाचे तुकडे इंजेक्टरमधून वेचायचे. चुकून पेट्रोल भरलं तरी तेच, कारण त्या पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच.

तेलकट हात
जुना पंप काका, राग नको, पण हे जमणार नाही. कायद्याचं राहू द्या बाजूला. ज्या गेटवर माझी मुलगी दप्तर घेऊन उभी असते, तिथे गाडी वळवून मी तिच्याच तोंडावर काजळी सोडू?

जुना पंप
आमची पिढी त्याच धुरात वाढली.

दुसरा गिअर
आणि खोकत मोठी झाली. 🙂

मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. आमच्याकडेही हीच गाडी, हाच दिवा. तुमच्या एकाही हिशेबात वेळ नाही. दिवा लागला की आमचे हे "जरा एक चक्कर मारून आलो" म्हणून जातात ते चाळीस मिनिटांनी उगवतात. गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढ्या आरपीएमवर पळवायची, फिल्टर साफ व्हावा म्हणून. डिझेल वाचवायला घेतलेली गाडी डिझेल जाळण्यासाठी फिरवायची! आकडेमोड, त्या चकरांचं इंधन तुमच्या १५ च्या ॲव्हरेजमध्ये आहे का?

आकडेमोड
नाही. बिनतोड मुद्दा. नुसत्या चकराच नाहीत, काजळी जाळताना इंजिन जादा डिझेलही फवारतं. १५ चं १३ धरू. मग ६१५ लिटर, वाचले १८५, वसुली आठ वर्षं.

शांत इंजिनसाठी मात्र एक आकडा राहिला. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचा २.६८ किलो. १५ आणि २० च्या ॲव्हरेजने किलोमीटरला १५४ ग्रॅम आणि १३४ ग्रॅम. इथे डिझेल बरं. नायट्रोजन ऑक्साइडचं उलटं. आणि ती कमी करायला ईजीआरने जळण थंड केलं की काजळी वाढते, म्हणजे पुन्हा डीपीएफवरच भार. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं.

हायवेवाला
एवढं सगळं झालं, पण मुख्य गोष्ट कोणी विचारलीच नाही. तेलकट हात, डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑईलची पातळी बघायची पट्टी, शेवटची कधी पाहिलीत? काजळी जाळायला उशिरा फवारलेल्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. तुमच्यासारखी प्रत्येक वेळी मध्येच गाडी बंद केली की ते साठत जातं. ऑईल कमी झालं तर सगळे घाबरतात, वाढलं तर कोणी बघत नाही. फार वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन सुसाट सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही.

तेलकट हात
ऑईल दिवाळीच्या आधी बदललंय हो, इतक्यात काय होणार. तरी बघतो.

तेलकट हात
आत्ता पार्किंगमधून लिहितोय. ऑईल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर आहे आणि डिझेलचा वास येतोय. उद्या गाडी टो करून नेतो, शाळेला स्कूटर. शांत इंजिन, तुमची हायब्रिड गर्दीत किती देते ते लिहून ठेवा, आल्यावर पुढचं भांडू.