मरणाआधी पंथाने ज्याला पाकीट पाठवलं, तो इतिहासकार

पिंपळपान: ज्याँ-फ्रान्स्वा मेयर हे स्विस इतिहासकार. नव्या धार्मिक पंथांच्या लोकांत बसायचं, ऐकायचं, लिहायचं, हेच त्यांचं काम. ‘ऑर्डर ऑफ द सोलर टेंपल’ या पंथावर त्यांनी १९९३ मध्येच लेख लिहिला होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये या पंथाशी जोडलेल्यांचे स्वित्झर्लंडमधल्या शेरी आणि साल्वाँत ४८ आणि कॅनडात ५ मृतदेह सापडले. पाठोपाठ मेयर यांच्या टपालात पंथाचा अखेरचा मजकूर आला. पाठवणारा ‘डी. पार्ट’, म्हणजे फ्रेंच उच्चारात ‘देपार’: प्रस्थान. पुढे पोलिसांनी तपासात त्यांचीच मदत घेतली. माझ्या मते या माणसाने आपलं काम चोख केलं.

कोकणकडा: साफ असहमत. याला ‘प्रस्थान’ म्हणणंही मला सहन होत नाही. शेरीत कित्येकांना गोळ्या घातल्या होत्या. कॅनडात तीन महिन्यांचं बाळ ‘ख्रिस्तविरोधी’ (जगाच्या अंती येणारा ख्रिस्ताचा शत्रू) ठरवून मारलं. जवळून पाहणाऱ्या अभ्यासकाने आधीच ओरडून सांगायला नको होतं?

पिंपळपान: ओरडून काय सांगणार? तेव्हा दिसत होते ते पांढरे झगे, क्रूस आणि जगबुडीची भाषणं. आणि ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द कुठून आला, हे ख्रिस्ती परंपरा माहीत असल्याशिवाय कळत नाही. हे लोक ज्यांचे वारस म्हणवत, ते टेंपलर कॅथलिक चर्चचेच लढवय्ये संन्यासी. पोपने तो संघ १३१२ मध्ये बरखास्त केला. कॅथलिक इतिहास जाणणाराच हे धागे उलगडू शकतो.

कोकणकडा: उलगडून वाचलं कोण? डिसेंबर १९९५ मध्ये फ्रान्समध्ये आणखी १६ गेले, १९९७ मध्ये क्वेबेकमध्ये ५. तोवर सगळं उलगडलेलंच होतं ना?

उंबरठा: माझी मावशी अशाच एका पंथात गेली. घरच्यांनी चेष्टा केली, मग रागावले, मग तिने फोन उचलणंच बंद केलं. मामेभाऊ तेवढा दर महिन्याला जायचा, तिच्यासोबत जमिनीवर बसून जेवायचा, वाद घालायचा नाही. दागिने विकायला काढल्याचं तिने सांगितलं ते फक्त त्यालाच. पुण्यात कोरेगाव पार्कच्या आश्रमाबद्दलही आपण वाचतो ते एकतर भक्ताचं, नाहीतर टवाळखोराचं. मधला माणूस हवाच.

कोकणकडा: तुमच्या भावाने घरी येऊन ते सांगितलं ना? माझं म्हणणं तेवढंच आहे.

उंबरठा: सांगितलं. पण दोन महिन्यांनी. तिचा विश्वास तुटेल म्हणून तो थांबला होता. तोवर पाटल्या गेल्या होत्या.